कापा स्प्रिंग, वाचवा पैसे!

गाडी ‘लो’ करायची, म्हणजे जमिनीलगत खाली आणायची हौस आहे ना, करा बापडे. पण ग्राइंडरने स्प्रिंगचे दीड-दोन वेढे कापायचे आणि त्याला सस्पेन्शनचं काम म्हणायचं, हे आता डोक्यात जायला लागलंय. ‘कॉइलओव्हरला कशाला एवढे पैसे घालवायचे?’ म्हणे! (कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचा एकमेकांना जुळणारा तयार जोड.)

अरे, वेढे कमी झाले की स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते. शॉकअब्सॉर्बर मात्र जुन्याच हिशेबाचा. त्याला ती आवरत नाही. मग गाडी टणाटणा उडते, बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळते. चाक खड्ड्यात लोंबलं की कापलेली स्प्रिंग बैठकीतून निसटूही शकते. आणि काही थोर मंडळी तर गॅसने स्प्रिंग तापवून ‘बसवतात’, म्हणजे खाली दबवतात. पोलादाचं टेम्परिंगच, म्हणजे तापवून-निववून आणलेला चिवटपणाच गेला, मग ती बसतच राहणार, नाहीतर तुटणार. चाकांचं अलाइनमेंट बिघडून टायर आतल्या कडेने झिजतात ते वेगळंच.

बरं, रस्ते कुठले? नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद. आमच्या गल्लीत रातोरात उगवलेला डांबराचा ढिगारा कुठल्या नियमात बसतो? नव्या स्विफ्टला १६३ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची मोकळी जागा. पाच माणसं बसली की तीही जपून न्यावी लागते. त्यातले ५० तुम्ही कमी करणार, मग प्रत्येक गतिरोधकावर गाडी तिरकी घालून मागची अख्खी रांग खोळंबवणार. आणि हॉर्न वाजवला तर खुन्नस आम्हालाच!