‘किडनी जास्त गाळते, मग बिघडलं कुठं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. मधुमेह आणि किडनीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सुरुवातीच्या मधुमेहात किडनी जास्त रक्त गाळत असेल तर ते चांगलंच की, असं तुम्ही म्हणता. वडिलांच्या लघवीत प्रोटीन दिसलं म्हणून डॉक्टरांनी बीपी नसताना टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी दिली, तीन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) ०.९ वरून १.१ झालं, म्हणून तुम्ही गोळी बंद केलीत. आणि मी लोकांना उगीच घाबरवतोय, असंही लिहिलंत.

माझी एक चूक आधी कबूल करतो. जास्त गाळण्याबद्दल ‘प्रत्येक मधुमेहीत ही पायरी येतेच’ असं मी लिहिलं होतं. अनेकांत येते, सगळ्यांत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण जास्त गाळणं चांगलं, हे पटत नाही. तुमचा ऊस आहे, म्हणजे रात्रीअपरात्री दारं धरलीच असणार. हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर, दोन किडन्यांत जातो. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या. प्रत्येकीला रक्त आत यायचं एक दार, बाहेर जायचं एक. रक्तात साखर वाढली की गाळणीपुढची नळी ती साखर परत ओढून घेते, तिच्याबरोबर मीठही. पुढं मीठ कमी पोचतं. तिथं राखणीला बसलेल्या पेशींना वाटतं, वरून पाणीच कमी येतंय, आणि आतलं दार आणखी उघडलं जातं. बाहेरचं दार मात्र अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या हार्मोननं आवळलेलं. सरीत पाणी तुंबलं की वरंबा आधी पाझरतो नि मग फुटतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, हेच ते पाझरणं.

टेल्मिसार्टन बाहेरचं दार सैल करते. आतला दाब उतरतो, गाळणं थोडं घटतं, म्हणून क्रिएटिनिन किंचित चढतं. सुरुवातीला ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. वडिलांची २२ टक्के आहे. (पोटॅशियम तपासलंय का, ते मात्र विचारा.)

मी शाहूपुरीत लॅबमध्ये काम करतो. “क्रिएटिनिन नॉर्मल हाय न्हवं?” हे रोज ऐकतो. मागच्या महिन्यात एका मावशींच्या डबीतला फेस बराच वेळ बसेना. क्रिएटिनिन ०.८. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ३० च्या आत हवा, त्यांचा ४१०. मावशी ०.८ वर बोट ठेवून हसत होत्या, आणि मला पुढचा आकडा दाखवायचा होता. क्रिएटिनिन उशिरा बोलतं. गाळायची ताकद निम्म्यावर येईपर्यंतही ते कधीकधी नॉर्मलच दिसतं.

गुडघ्यासाठी वडील दुकानातून पेनकिलर आणून घेतात का? त्या गोळ्या आतलं दार आवळतात. तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. जुना-नवा दोन्ही रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात जा, आणि गोळी किती दिवस बंद आहे ते लपवू नका. डॉक्टर काय म्हणाले, ते इथं कळवाल का? मी वाट बघतो.