आईच्या पायांची पण बॅग भरा

आज संध्याकाळी बुटांच्या दुकानात जे बघितलं त्याने डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले. साठीच्या पुढच्या एक काकू, सोबत मुलगा आणि सून. परवा रात्रीची फ्लाइट, ऑरलँडोला डिस्ने बघायला चाललेत सगळे. मुलगा फोनवर बोलता बोलताच सेल्समनला सांगतोय, आईला चांगले स्पोर्ट्स शूज दाखवा. काकू दोनदा म्हणाल्या, अंगठ्याला लागतंय रे. तर म्हणे घालून घालून होतील सैल. अरे कधी? विमानात? की तिथे पहिल्याच दिवशी पंधरा-वीस हजार पावलं चालून?

मी मध्ये बोलले. सूनबाईंना आवडलं नाही, नसेल आवडलं.

माझ्या आत्याचं हेच झालं होतं. आतेभावाने हौसेने महागातले बूट आणले, निघायच्या आदल्या दिवशी. आत्याने आयुष्यभर चपला घातलेल्या, पायात जोडवी, टाचांना भेगा, वर कितीतरी वर्षांची शुगर. तिथल्या डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कमध्ये काली रिव्हर रॅपिड्स म्हणून पाण्याची राइड आहे, गोल तराफ्यात बसवतात आणि लोक नखशिखांत भिजतात. सगळ्यांनी अंगावर पोंचो चढवले, पण पायाला कुठला आलाय पोंचो? बुटात पाणी, मोज्यात पाणी, आणि तसंच रात्रीपर्यंत फिरणं. मी दोनदा विचारलं तर म्हणाली, काही नाही गं, चालतंय. आपल्याकडच्या बायका 'चालतंय' म्हणाल्या की समजायचं, चालत नाहीये.

रात्री हॉटेलवर मोजा काढायला गेली तर तो टाचेला चिकटलेला. फोड कधी आला, कधी फुटला, तिला पत्ताच नाही. शुगरवाल्यांच्या पायाची संवेदना कमी होते, दुखलं तरच कळणार ना. मे महिन्यातली जखम, भरून यायला गणपती उजाडले. दुसऱ्या दिवशी सगळे एपकॉटला, डिस्नेच्याच दुसऱ्या पार्कला गेले, ती खोलीत उशीवर पाय ठेवून पडलेली आणि मी तिच्याजवळ. मलाच म्हणत होती, तू जा गं, तुझे पैसे वाया जातील.

आणि बॅगेत काय काय होतं माहितीये? बाकरवडी, मेतकूट, थेपले, चिवडा, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, तीन प्रकारचे गॉगल. पायासाठी? शून्य.

ही ट्रिप मुळात पायांचीच असते हो. तिथे एकट्या एपकॉटमध्ये तळ्याभोवती ११ देशांचे पॅव्हेलियन आहेत, त्याची एक फेरीच जवळजवळ दोन किलोमीटर. असे चार पार्क. शिवाय पार्किंगपासूनचं चालणं, तापलेल्या फरशीवरच्या रांगा, आणि फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी वीज-गडगडाटासह पाऊस येतो तो वेगळाच. म्हणजे राइड टाळली तरी पाय भिजणारच.

तर ज्यांचे आईवडील या सुट्टीत निघालेत त्यांना हात जोडून सांगते. बूट निदान तीन-चार आठवडे आधी घ्या, आणि संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे बोटांना ऐसपैस जागा हवी. रोज सकाळी देवळापर्यंत, भाजीला जाताना घालायला लावा. जोडवी काढायची की नाही ही त्यांची मर्जी, आत्या तर ऐकायलाच तयार नव्हती, पण मग पुढून रुंद बूट हवेतच, कारण उन्हात बोटं सुजली की जोडवी रुततात. बूट दोन जोड्या, आलटून पालटून घालायला. हो, बॅगेचं वजन वाढतं, मान्य, मग चिवडा कमी न्या. ओल्या बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, आणि तरी सकाळी ओलसर असले तर ते घालायचेच नाहीत.

मोजे सुती नकोत. सगळ्या मावश्या म्हणतील सुतीच बरे, घरात बरे असतील, पण दिवसभराच्या चालण्यात सुती मोजा घाम धरून ठेवतो, कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. खेळाडूंचे सिंथेटिक किंवा पातळ लोकरीचे घ्या आणि एक जादा जोडी प्लास्टिकच्या पिशवीत रोज सोबत असू द्या, दुपारी बसून पाय कोरडे करून बदलायला. छोटा नॅपकिन, बुरशीवरची पावडर, कागदी चिकटपट्टी. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात ना, त्या घामट बुटातही होतात. भेगांना रात्री व्हॅसलीन चोळा, पण बोटांच्या मध्ये नको, तिथे कोरडंच हवं. घरून निघण्याआधी वजरीने हलक्या हाताने टाचा घासून घ्या आणि नखं सरळ कापा. शुगर असेल तर वजरी आणि कुरुपाच्या पट्ट्या लांब ठेवा, ते काम डॉक्टरांचं. वॉटरपार्कला आणि कपडे बदलायच्या खोलीत अनवाणी नाही म्हणजे नाही, रबरी चप्पल.

व्हीलचेअर भाड्याने मिळते, ठीक आहे, मिळते. पण आत्या बसली असती का त्यात? चार लोकांत ओशाळली असती बिचारी. तिथे प्रत्येक पार्कात फर्स्ट एड सेंटर आहे, साधी पट्टी फुकट देतात, आम्ही त्याच्या जवळून गेलो होतो. आतेभाऊ म्हणाला रांग सुटेल. ते वाक्य मी विसरू शकत नाही. वाईट नाहीये तो, आईवर जीव आहे त्याचा, तिकिटाला लाखभर रुपये मोजतो पण खाली वाकून तिचा पाय बघत नाही. आपल्याकडे पाया पडतात सगळे, पाय बघत कोणी नाही.

शाहबादी फरशीवर उभं राहून तिने आम्हा सगळ्या भाचरांना सुट्ट्यांमध्ये जेवू घातलंय, पुरणपोळीच्या दिवशी तर सकाळपासून बूड टेकायची नाही.

तिथे असाल तेव्हा रोज रात्री टॉर्च घेऊन आईचे तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या स्वतः बघा, तिला विचारत बसू नका. लाल दिसलं तर पट्टी लावा. फोड असेल तर फोडू नका आणि दुसऱ्या दिवशी पार्क रद्द करा. शुगर असेल तर जखमेसाठी काय द्यायचं ते इथल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, तिकडे दुकानात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळत नाहीत, आणि ते औषध केबिन बॅगेत ठेवा.