लोदच्या जिन्यातून

परवा ठाण्याच्या भाच्याचा मेसेज आला: "मावशी, पॅलेस्टिनींशी बोलणीबिलणी सोडा, ठोकून काढा. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." त्याच रात्री पुण्याच्या जुन्या मैत्रिणीने लिहिलं, की इस्रायली माणसाशी संवाद म्हणजे अन्यायावर पांघरूण. दोघंही माझी जिवाभावाची आहेत. पण तिकडे भारतात बसून दोघांनीही माझ्या तोंडावर हात ठेवला, याचा मला फार राग आला.

मी इस्रायलमधल्या लोदला राहते; इथे ज्यू आणि अरब दोघंही राहतात. खालच्या मजल्यावर अरब कुटुंब आहे. इमारत जुनी, ममाद, म्हणजे घरातली बॉम्बपासून बचावाची पक्की खोली, नाही. सायरन झाला की सगळे जिन्यात. तिथली बाई आणि मी एकाच वॉर्डात नर्स. मे 2021 च्या ज्यू-अरब दंगलीत आमच्या गावात एक अरब माणूस गोळीने मेला, एक ज्यू माणूस दगडाने. त्या ज्यू माणसाचं मूत्रपिंड जेरुसलेमच्या एका अरब बाईला बसवलं. हे तिकडे कोणी फॉरवर्ड केलं नाही.

भाचा म्हणेल, व्हिव्हियन सिल्व्हरचं काय झालं? गाझाच्या रुग्णांना स्वतःच्या गाडीतून इस्रायली इस्पितळात पोचवणारी, शांततेसाठी बायकांची चळवळ उभारणारी ही बाई 7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या हल्ल्यात गाझाजवळच्या बेएरी किबुत्झमध्ये मारली गेली. खरं आहे. पण ठोकून तरी काय हाती आलं? गाझात हजारो लेकरं गेली, आणि मिलुइमहून, म्हणजे राखीव सैनिकाच्या ड्युटीवरून, परतलेली आमची पोरं रात्र रात्र जागी असतात. मैत्रिणीचा संशयही मला कळतो: 1993 च्या ओस्लो करारानंतर पॅलेस्टिनींशी बोलणी चालू होती, तरी वेस्ट बँकेत इस्रायली वस्त्या वाढतच गेल्या. म्हणून बोलणंच बंद करायचं?

आम्ही बेने इस्राएल, कोकणातून आलेले मराठी ज्यू. साठच्या दशकात इथल्या रब्बींनी आमच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नं अडवली. आमची माणसं रस्त्यावर बसली, भांडली आणि बोलतही राहिली, तेव्हा 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, आम्हाला बरोबरीचं मानलं. अलिबागला मी इस्रायलवाली, इथे होदीत, म्हणजे भारतीय बाई. शेजारणीशी हिब्रूत बोलते. ती ना तिची मायबोली, ना माझी.

दंगलीनंतर आठ दिवस मी तिचं दार वाजवलं नाही. शेवटी तीच वर आली: "उद्या मॉर्निंग आहे, बरोबर जाऊ?" तिच्या आजोबांचे भाऊ 1948 च्या युद्धात लोदहून निघाले ते गाझात पोचले, त्यांची नातवंडं अजून तिथेच आहेत, हे मला गेल्या वर्षी जिन्यात बसल्यावर कळलं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.