अभ्यागताची वाट लावण्याचे शास्त्र

सामाजिक संस्थेचे संकेतस्थळ कोणासाठी असते, याचा निर्णय आपण एकदाच आणि ठामपणे करून टाकावा: ते विश्वस्तांसाठी असते. बाहेरचा माणूस तेथे आला तर त्याचे स्वागत जरूर करावे, मात्र तो आत फार फिरणार नाही याची काळजी घ्यावी. बोधचिन्हाचा रंग आणि मुखपृष्ठावरची फिरती छायाचित्रे यांवर मनसोक्त चर्चा झाली की, एका पानावरून दुसऱ्या पानावर माणसाने जायचे कसे, हा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. ही निरोगी परंपरा ज्यांना जपायची आहे, त्यांच्यासाठी या चार सूचना.

मेनूची रचना संस्थेच्या घटनेबरहुकूम करावी. इतिहास, अध्यक्षांचे मनोगत, कार्याध्यक्षांचे मनोगत, विश्वस्त मंडळ, सल्लागार मंडळ आणि पुरस्कार एवढे झाल्यावर जागा उरलीच तर काम दाखवावे. तेही गावाच्या किंवा प्रश्नाच्या नावाने नव्हे, तर निधी देणाऱ्या कंपनीच्या नावाने. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना सामाजिक कामावर नफ्याचा दोन टक्के हिस्सा खर्च करायला लावल्यापासून ही सोय झालेली आहे. करार संपला की ते नाव मेनूतून काढावे, पान मात्र पुसू नये. कोणत्याही दुव्याने न जोडलेले हे पोरके पान गूगलच्या कृपेने कधीतरी एखाद्याच्या हाती लागते आणि २०१७ सालचे आरोग्य शिबिर ‘येत्या रविवारी’ असल्याचे त्याला समजते.

खरी कसोटी लागते ती कहाणीच्या पानावर, कारण वाचक तेथेच थोडा विरघळलेला असतो. समजा, आपली संस्था बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करते, आणि एका मुलीची हकिकत कोणा कार्यकर्तीने फार चांगली लिहिली आहे: दिवाळीच्या सुमारास आईवडील पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याकडे निघाले, मुलगी गावातच हंगामी वसतिगृहात राहिली आणि तिची शाळा सुटली नाही. वाचता वाचता वाचकाच्या मनात प्रश्न उभे राहतात. नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ का म्हणतात? मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम संपला तरी का फिटत नाही? वसतिगृह किती महिने चालते आणि एका मुलीचा खर्च किती येतो? या सगळ्यांची उत्तरे आपल्याच संकेतस्थळावर आहेत. उचलीचा हिशेब एका जुन्या अहवालात आहे, खर्चाचा तक्ता ‘डाउनलोड’ विभागात आहे आणि कोयत्याविषयीचे उत्तम टिपण ‘इतर’ या सदरात पडून आहे. तरीही त्या त्या शब्दावर दुवा देण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. कहाणीच्या शेवटी तारखेच्या क्रमाने पुढचे पान यावे, म्हणजे त्या मुलीने हेलावलेला वाचक थेट ‘संस्थेत प्रजासत्ताक दिन उत्साहात साजरा’ या वृत्तापाशी पोहोचतो आणि भानावर येतो.

कोणी फारच आग्रह धरला, तर दुसऱ्या टोकाला जावे. ‘शिक्षण’ हा शब्द जेथे जेथे येईल तेथे तेथे त्याला निळा रंग द्यावा आणि प्रत्येक वेळी मुखपृष्ठाकडेच न्यावे. ‘संबंधित लेख’ आपोआप दाखवणारी सोय बसवायचीच असेल, तर आधी सर्व लेखांना ‘समाज’ हे एकच लेबल लावून घ्यावे.

दुव्याचे शब्द कोणते असावेत, याबाबत आपल्याकडे सुदैवाने एकमत आहे: ‘येथे क्लिक करा’. कमी जागा असेल तर ‘अधिक वाचा’. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये आपली पद्धत मांडली तेव्हापासून दुव्यावरचे शब्द हे पुढच्या पानाचे वर्णन मानले जाते, हे खरे. पण आपले वसतिगृह ‘येथे’ या नावाने ओळखले जाण्यात गैर काय? अंध वाचक, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएसारख्या प्रणालीतून, पानावरच्या दुव्यांची केवळ यादी ऐकू शकतो. त्याला ओळीने ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’ एवढेच ऐकू येईल. दिव्यांगांना समान संधी देण्याचा आपला जो प्रकल्प आहे, त्याच्या पानाकडे नेणारा दुवाही याच शब्दांचा असावा. तत्त्वाला अपवाद नको.

देणगीच्या पानाचे दार एकच असावे, आणि तेही मेनूच्या शेवटी. तेथे दात्याला आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या ‘८०जी’ प्रमाणपत्राची स्कॅन केलेली, किंचित तिरकी पीडीएफ ठेवावी. ती उघडली की परतीची वाट दिसू नये. रोखीने दिलेल्या २००० रुपयांपेक्षा अधिक देणगीवर ही करसवलत मिळत नाही, ही बाब दात्याला त्याच्या सनदी लेखापालाकडूनच कळू द्यावी. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाची तर विशेष सोय करता येते. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल, तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी योगदान ठरत नाहीत. पासपोर्ट अमेरिकी असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असूनही ते परदेशी योगदान ठरते, आणि परदेशी योगदानाच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात, तेही संस्थेकडे त्या कायद्याखालची परवानगी असेल तर. एवढी साधी माहिती देणगीच्या बटणाशेजारी एका दुव्याने देता आली असती. ती ‘कायदेशीर बाबी’ या पानाच्या तळाशी, ‘जुने संकेतस्थळ’ असे लिहिलेल्या ओळीच्या खाली असावी. आभाराच्या पानावर हात जोडलेले चित्र पुरेसे आहे. ज्याने नुकतेच पैसे दिले त्याला वसतिगृहाची खबरबात किंवा स्वयंसेवकांचा अर्ज दाखवणे म्हणजे त्याच्या भावनेचा गैरफायदा घेणे होय.

वर्षाअखेरीच्या बैठकीत आकडेवारी मांडली जाईल, आणि बहुतेक अभ्यागत एकच पान पाहून निघून जातात असे त्यात दिसेल. कार्यालयातली एखादी नवी मुलगी सुचवेल की, प्रत्येक कहाणीखाली त्या प्रश्नाची पार्श्वभूमी, त्याच गावातली दुसरी कहाणी आणि मदतीचा नेमका मार्ग असे तीन दुवे द्यावेत. एक दुपार पुरेल. तिची सूचना इतिवृत्तात आदरपूर्वक नोंदवून घ्यावी. मग समाजाची संवेदनशीलता बोथट होत चालल्याबद्दल अध्यक्षांनी खेद व्यक्त करावा, आणि मुखपृष्ठावरच्या फिरत्या छायाचित्रांत आणखी एकाची भर घालण्याचा ठराव सर्वानुमते संमत व्हावा.