म्हणे, पोट साफ करा!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार. ऑफिसात एका सहकाऱ्याच्या टेबलावर कुणीतरी गुपचूप माउथ फ्रेशनरची डबी ठेवली आणि तो जेवायला गेल्यावर सगळे खिदळत बसले. माणूस पन्नाशीचा, कामाला वाघ. त्याच्या तोंडाला वास येतो हे त्याला सोडून अख्ख्या मजल्याला ठाऊक. वर एकाने ज्ञान पाजळलं, "पोट साफ होत नसणार, दुसरं काय!"

हे 'पोट साफ' ऐकलं की मला आमची आत्या आठवते.

आत्या कायम तोंडाला पदर लावून बोलायची. गावात कौतुक, बाई किती मर्यादशील! मर्यादा कसली डोंबलाची. आपला वास आपल्याला येत नाही. तिला तो समोरच्यांच्या चेहऱ्यावरून कळला होता. रात्री गरम पाण्यातून चूर्ण, सकाळी वेलची, जेवणावर बडीशेप, एकादशी कडकडीत. उपासाच्या दिवशी तर वास उलट वाढायचा. चावणं नाही, पाणी नाही, मग लाळ कुठून सुटणार? तोंड धुवायचं काम लाळच करते. झोपेत ती आटते, म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास असतो. नाकं मुरडणाऱ्यांच्यासुद्धा.

अहो, बहुतेकांचा वास तोंडातच तयार होतो. जिभेच्या पार मागे साचलेला पांढरट थर, हिरड्यांच्या खाली, दातांच्या फटीत. तिथे हवेशिवाय जगणारे जंतू प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. सडक्या अंड्याला येतो तोच हायड्रोजन सल्फाइड. त्यावर वेलची चघळणं म्हणजे तुंबलेल्या मोरीपाशी उदबत्ती लावणं.

आणि त्या चूळ भरायच्या औषधाच्या रंगीत बाटल्या! लिस्टरीन 1879 साली अमेरिकेत निघालं ते शस्त्रक्रियेच्या वेळी जंतू मारायला. 1920 च्या दशकात कंपनीने जाहिराती केल्या, तोंडाला वास म्हणून पोरीचं लग्न जुळत नाही! भीती विकली की बाटली आपोआप खपते. चूळ भरल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, नाही म्हणत नाही. पण जिभेवरचा थर आणि दातावरचं कीटण तसंच राहतं. क्लोरहेक्सिडिन नावाचं जंतुनाशक असलेलं चूळ भरायचं औषध मनानेच महिनोन्महिने वापरलं तर दातांवर डाग पडतात ते वेगळंच.

आत्याची दाढ ठणकायला लागली तेव्हा कुठे तिला तालुक्याला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तिचं काळं पडलेलं बोट बघितलं. "आजी, मिश्री किती वर्षं लावताय?" मग हिरडी दाबली. पू आला. पायरिया, म्हणजे हिरड्यांचा रोग. तव्यावर भाजलेली तंबाखू ही बाई जन्मभर हिरड्यांवर घासत होती, का, तर दात दुखू नयेत म्हणून! साखर तपासायला लावली, तीही वाढलेली निघाली. तोवर ज्याने त्याने चूर्ण बदलून दिलं होतं. "आ करा बघू" एकानेही म्हटलं नव्हतं.

बरं, सायनस असतो, टॉन्सिलमध्ये खडे होतात, किडनीचं दुखणं असतं, क्वचित पित्तही असेल. बीपीच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लसणाची चटणी हाणली तर वास रक्तातून फुप्फुसात जातो, कितीही दात घासा. मान्य. पण आधी तोंड तर बघाल?

"दात साफ केले की हलायला लागतात," हे आत्यानेही डॉक्टरीणबाईंना ऐकवलंच. त्या हसल्या. हिरडी आधीच सुटलेली असते हो, कीटण निघाल्यावर ते फक्त दिसतं. दोन दात काढावेच लागले. मिश्री काही लगेच सुटली नाही, न्हाणीघरात लपून लावायची. पण वास गेला. नंतर दिवाळीला नातवाला मांडीवर घेऊन तोंडाला तोंड लावून गप्पा मारत होती. आधीच कुणीतरी बाजूला बसवून सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? भाच्याला, सुनेला, नवऱ्याला, कुणालाच ते जमलं नाही. पाठीमागे बोलणं मात्र सगळ्यांना जमलं.

कमेंटमध्ये लवंग, तुळस, तुरटीचे उपाय टाकायचे नाहीत, उडवून टाकीन. तुमच्या गावात दात साफ करायला आणि हिरड्या दाखवायला किती पैसे पडतात तेवढं लिहा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.