एक, कुत्र्याविना

मिशिगनमधल्या आमच्या एवढ्याशा गावात हॉट डॉगचं एक जुनं दुकान आहे. इथे त्या पदार्थाला ‘कोनी’ म्हणतात. वाफवलेला पाव, आत सॉसेज, वर खिम्याचं दाट कालवण, पिवळी मोहरी आणि मूठभर कच्चा कांदा. नाव न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचं, पण मिशिगनभर तो रुजवला तो ग्रीक आणि मॅसेडोनियन मंडळींनी. डेट्रॉइटला गस्ट केरोस यांनी १९१७ साली दुकान काढलं, पुढे भावानं भिंतीला भिंत लावून दुसरं. कुठलं चांगलं यावरून अजून वाद होतात. आपल्याकडे असतं तर मधल्या भिंतीवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी नक्की!

आमच्या गावचं दुकानही असंच एका ग्रीक आजोबांचं. आता गल्ल्यावर नात. नातही साठीची.

माझं दुखणं वेगळंच. निघताना आईला शब्द दिलेला, गाईचं मांस खाणार नाही. इथे सॉसेजमध्ये गाय, कालवणात गाय. आणि ऑफिसची सगळी टोळी दर शुक्रवारी तिथेच जेवते. पहिल्या दिवशी मी चाचरत म्हटलं, “फक्त पाव, मोहरी, कांदा.” बाईंनी मला नीट न्याहाळलं आणि आत तोंड करून आरोळी ठोकली, “एक! कुत्र्याविना!” काउंटरवरच्या डझनभर टोप्या गर्रकन वळल्या.

अकरा वर्षं झाली. मी दारात दिसलो की आरोळी. एकदा धीर करून फ्राईज मागायला तोंड उघडलं, तोवर बशी समोर! पैसे मात्र बाई निम्मेच घेतात. कीव येत असावी.

गेल्या उन्हाळ्यात आई आली. माझ्या बशीतला एक घास खाऊन म्हणाली, “मोहरी बरी फेसलीये. मीठ नाही.” मग कालवणाच्या पातेल्याकडे नाक वळवलं. “दालचिनी आहे. जिरंही. पण भाजलेलं नाही, सांग तिला.”

“आईला वास आवडला,” मी बाईंना सांगितलं.

आईला भाषांतर पटलं नसावं. किराणा दुकानातल्या पुड्यांवरचं सगळं इंग्रजी गोळा करून ती थेट म्हणाली, “सिनॅमन. क्युमिन. नो रोस्ट.”

बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. तीन पिढ्यांचं गुपित होतं ते.

त्या दिवशी बिलात पहिल्यांदाच कुत्र्याचे पैसे लागले.