धार पडतेय म्हणजे पंप ठीक आहे, असं नसतं

बोट पळताना आउटबोर्ड इंजिन (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं) झकास चालतं, पण उभं राहून मंद चालीवर ठेवलं की पाच-दहा मिनिटांत तापतं आणि ताप सांगणारा भोंगा वाजतो. या तक्रारीवर एक तयार उत्तर सगळीकडे फिरत असतं. ते असं: ‘मागून पाण्याची धार पडतेय ना? मग पंप उत्तम आहे. दोष थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणाऱ्या झडपेचा. तो काढून टाका, बाहेरचं थंड पाणी ओढणाऱ्या इंजिनाला त्याची गरजच नसते. तोवर तापलं की जरा रेस द्या, आपोआप थंड होईल. आणि आत मीठ साचलं असेल तर ॲसिड सोडा.’

हे उत्तर लोकांना पटतं, कारण त्यातलं काही डोळ्यांसमोर घडतं. रेस दिली की इंजिन खरंच थंड होतं. थर्मोस्टॅट काढल्यावर भोंगा कधी कधी थांबतोही. पण या भरवशावर चांगली इंजिनं वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

आधी धारेचं. मागून पडणारी धार म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेवरून काढलेली एक बारीक नळी. त्या ठिकाणापर्यंत काही पाणी पोचलं, एवढंच ती सांगते. हेडभोवती, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरच्या झाकणाभोवती, किती पाणी फिरतंय, हे तिला ठाऊक नसतं. उलटंही होतं: नळीच्या तोंडाशी वाळूचा कण किंवा किड्याचं घर अडकलं की पंप चांगला असूनही धार थांबते. नायलॉनच्या जाड तारेने तोंड मोकळं केलं की पुन्हा सुरू. म्हणून धार नसेल तर लगेच इंजिन बंद करून शोध घ्यावा, पण धार आहे म्हणून निश्चिंत होऊ नये.

पंप मंद चालीवरच उघडा का पडतो, ते समजलं की अर्धं काम झालं. गिअर केसच्या, म्हणजे पंख्याजवळच्या गिअरच्या डब्याच्या, वरच्या अंगाला उभ्या शाफ्टवर एक रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) बसवलेला असतो. त्याचं घर शाफ्टच्या मध्यापासून जरा सरकवलेलं असतं. त्यामुळे फिरताना रबरी पाती एका बाजूला दबतात, दुसरीकडे पसरतात आणि मधल्या खणातलं पाणी पुढे ढकलतात. मंद चालीवर सगळा कारभार या पात्यांची टोकं भिंतीला घट्ट टेकण्यावर असतो. वेग वाढला की पाण्याच्या रेट्याने पाती वाकतात, टोकं भिंतीपासून सुटतात आणि इम्पेलर पाणी भिरकावू लागतो. तेव्हा पाती थोडी झिजलेली असली तरी निभावून जातं. मंद चालीवर तीच झिजलेली पाती पाणी मागे गळू देतात. थोडक्यात, पळताना थंड आणि उभ्याने गरम, हे दुबळ्या पंपाचंही लक्षण आहे.

मी एकदा असाच एक पंप उघडला होता. धार तर बघत राहावी अशी होती. आत इम्पेलरची सगळी पाती एकाच बाजूला कलून तशीच कडक झालेली. बोटाने सरळ केली तरी परत कलायची. दोन पात्यांची टोकं गायब. एक तुकडा पाण्याच्या नळीच्या तोंडाशी मिळाला, दुसऱ्यासाठी तासभर शोधाशोध केली, तेव्हा तो थर्मोस्टॅटच्या बैठकीत रुतलेला सापडला. तेव्हापासून मी सांगत आलोय की तुटलेल्या पात्याचे तुकडे मोजा आणि प्रत्येक तुकडा हातात आल्याशिवाय पंप पुन्हा जोडू नका. नवा इम्पेलर घालून जुना तुकडा आत राहिला, तर तक्रार तशीच राहते आणि दोष नव्या सामानावर येतो.

पंप उघडलाच आहे तर घराच्या आतल्या भिंतीवरून आणि खालच्या पत्र्यावरून नख फिरवा. नख अडकेल इतके ओरखडे असतील तर नुसता इम्पेलर बदलून भागत नाही, तो भागही बदलावा लागतो. पंपाचं गॅस्केट आणि नळी जिथे पंपात बसते तिथलं रबर, तेही पाहा. पाणी तिथून गळू शकतं. नवा इम्पेलर बसवताना पात्यांना साबणाचं पाणी लावा, शाफ्टची चावी (इम्पेलरला शाफ्टशी अडकवणारा धातूचा छोटा तुकडा) जागेवर आहे याची खात्री करा आणि शाफ्ट त्याच्या चालीच्या दिशेनेच फिरवत घर खाली बसवा. आणि इंजिन पाण्याबाहेर क्षणभरही चालू करू नका. पाणी हेच त्या रबराचं वंगण आहे, कोरडं फिरलं तर काही सेकंदांत ते जळू लागतं.

आता थर्मोस्टॅट. तो बंद स्थितीत अडकला तर इंजिन मंद चालीवर तापतं, इथे फिरत्या उत्तराचं बरोबर आहे. अनेक इंजिनांत दाबावर उघडणारी एक वेगळी झडप असते. वेग वाढून पाण्याचा दाब वाढला की ती उघडते आणि थर्मोस्टॅटला वळसा देऊन पाणी वाहू लागतं. म्हणूनच अडकलेला थर्मोस्टॅट पळताना लपून राहतो. पण हीच झडप कचरा किंवा मिठाच्या थराने उघडी अडकली, तर मंद चालीवरचं थोडकं पाणी हेडपर्यंत न जाता तिथूनच निसटतं. मग थर्मोस्टॅट काढा नाही तर बदला, ताप जात नाही. ज्यांनी दोन-दोन थर्मोस्टॅट बदलले त्यांनी ही झडप आणि तिची स्प्रिंग एकदा बाहेर काढून पाहावी.

शिवाय थर्मोस्टॅट तपासायला फेकावा लागत नाही. दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात तळाला न टेकता लोंबकळत ठेवा, शेजारी तापमापक धरा आणि पाणी हळूहळू तापवा. आउटबोर्डचे थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६२ अंश सेल्सियसच्या आसपास उघडतात, नेमका आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. मोटारगाडीपेक्षा हे तापमान मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कारण खारं पाणी जास्त तापलं की मीठ आणि क्षार आतल्या वाटांत जमू लागतात. तेव्हा गाडीचा थर्मोस्टॅट इथे चालवून घेण्याचा विचारही नको.

काढून टाकल्यावर काय होतं? इंजिन कायम थंड राहतं. मंद चालीवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, प्लग काळे पडतात, काजळी धरते. फोर-स्ट्रोक इंजिनात न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने तेलात उतरतं, तेलाची पातळी चढते आणि तेल पातळ होतं. भोंगा गप्प, आणि बेअरिंगं झिजत राहतात. मला हे त्या मूळ तापापेक्षाही वाईट वाटतं, कारण ते कळतच नाही.

‘रेस द्या’ हा सल्ला पळून जाण्याचा आहे. वर सांगितलेली झडप उघडते, पंप जास्त पाणी फेकतो आणि लक्षण झाकलं जातं. मग लांबचा फेरा मारून तुम्ही धक्क्याजवळ येता, वेग एकदम उतरवता, हेडमधली साठलेली उष्णता तशीच असते आणि पाणी मात्र एकदम कमी होतं. नेमकं तिथेच, अरुंद जागेत, इंजिन बंद करायची वेळ येते. आणि घाबरून तापलेल्या हेडवर गार पाणी ओतू नका, हेड वाकू शकतं किंवा तडकू शकतं. त्याला आपसूक निवू द्या.

ॲसिडबद्दल एवढंच की इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो आणि संडास धुण्याचं ॲसिड ते खातं. इंजिनासाठीच बनवलेलं क्षार काढणारं द्रावण वापरा आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवा.

इंजिन पिंपात चालवून तापतं असं म्हणणाऱ्यांनी आधी पिंपातल्या पाण्याला हात लावावा. थोड्याच वेळात ते पाणी कोमट होतं, एग्झॉस्टचे बुडबुडे त्यात मिसळतात आणि पंप तीच हवा ओढतो. अशा चाचणीवरून काहीच ठरवता येत नाही. पाणी बदलत राहा किंवा बोट खोल पाण्यात बांधून तपासा.

मुळात इंजिन खरंच तापतंय का, हेही पाहायला हवं. सेन्सरची वायर सोलवटून इंजिनाला टेकली तरी भोंगा वाजतो. हेडवर पाण्याचा एक थेंब टाका. तो चरचरून उडाला तर हेड १०० अंशांच्या वर आहे आणि भोंगा खरा आहे. इन्फ्रारेड तापमापक असेल तर रंगवलेल्या भागावर धरा, चकचकीत धातूवर तो आकडा कमी दाखवतो. दुरुस्ती झाली की बोट बांधून १५ मिनिटं मंद चालवा, थर्मोस्टॅटच्या घराजवळ आणि प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर तापमान मोजा आणि ते आकडे तारखेसह इंजिनाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी शंका आली की याच आकड्यांशी ताडून बघता येईल.